रूट कॅनॉल करताना नेमके काय होते आणि नंतरचे दिवस कसे जातात?

शतपावली

माझ्या खालच्या जबड्यातील पहिल्या मोठ्या दाढेला रूट कॅनॉल करावे लागेल, असे दंतवैद्यांनी सांगितले आहे. आरंभी थंड पाणी लागले की कळ यायची आणि घोट संपता संपता थांबायची. आता तीच कळ बराच वेळ रेंगाळते. रात्री आडवी झाले की तोंडात काही नसतानाही दाढ ठणकू लागते, ठणका कानापर्यंत जातो आणि नेमकी कोणती दाढ दुखते आहे हे बोट ठेवून सांगताही येत नाही.

उपचार करून घ्यायचे ठरले आहे. प्रश्न तीन आहेत. इतक्या ठणकणाऱ्या दाढेला भूल पूर्ण बसते का? नस काढून टाकल्यावरही पुढे काही दिवस दुखते असे अनेकजण सांगतात, ते कशामुळे आणि किती दिवसांपर्यंत साहजिक मानावे? आणि कॅप लगेच बसवावी लागते, की थोडी थांबली तरी चालते? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी क्रमाने लिहिले, तर माझ्याप्रमाणे वाट पाहत बसलेल्या इतरांनाही आधार होईल.

ओंजळ

माझे दोन दातांचे झाले आहे, एक पुढचा आणि एक दाढ. पुढच्या दाताचे एकाच बैठकीत आटोपले आणि दुसऱ्या दिवशी मी रोजच्या कामाला लागले. दाढेला अधिक वेळ लागला आणि त्यात सर्वांत जड गेले ते तोंड सतत उघडे ठेवणे. जबडा भरून आला की हात वर करून थोडी विश्रांती मागावी. कोणताही चांगला दंतवैद्य ती देतो. दुखण्याबद्दल सांगायचे तर उपचाराआधीच्या रात्री उपचारापेक्षा कितीतरी वाईट होत्या.

मौक्तिक

मी दंतवैद्य आहे आणि माझे रोजचे काम मुख्यतः हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दाताच्या कठीण आवरणांच्या आत मऊ मज्जा असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात, ज्याला आपण बोलीत नस म्हणतो. कीड तिथपर्यंत पोहोचली की मज्जेला सूज येते. पण भोवतीच्या भिंती कठीण असल्यामुळे ती सूज पसरायला जागाच नसते. थंड लागून कळ येणे आणि लगेच थांबणे, या टप्प्यावर मज्जा बहुधा सावरू शकते. कळ अर्ध्या मिनिटाहून अधिक रेंगाळणे, आपोआप ठणका लागणे आणि आडवे झाल्यावर तो वाढणे, ही मज्जा सावरण्यापलीकडे गेल्याची लक्षणे मानतात. शतपावली, तुमचे वर्णन याच दुसऱ्या प्रकारात बसते. दाढ नेमकी सांगता न येणेही त्याचाच भाग आहे, म्हणून आम्ही शेजारच्या दातांवरही थंडाची चाचणी करतो, दात ठोकून पाहतो आणि मगच एक्स-रेवर भरवसा ठेवतो.

आता क्रम. आधी भूल. मग दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा बसवतात, ज्यातून केवळ तो एक दात बाहेर दिसतो. अमेरिकेतील सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्याने १८६४ साली तो वापरात आणला आणि आजही त्याला पर्याय नाही. लाळेतील जंतू आत जात नाहीत आणि आतील द्रावणे व बारीक उपकरणे घशात जात नाहीत. त्यानंतर दाताच्या माथ्यावर छिद्र करून मज्जा काढतात. प्रत्येक मुळातील नलिका कुठवर जाते हे अ‍ॅपेक्स लोकेटर आणि एक्स-रे यांनी ठरवतात, बारीक फाइल्सनी ती रुंद करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात. नलिकांना आडव्या फांद्या असतात, तिथे कोणतीही फाइल पोहोचत नाही. तिथली स्वच्छता या धुण्यानेच होते. बराच वेळ नुसते धुणेच चालले आहे असे वाटले, तर ते काम रेंगाळल्याचे नव्हे, नीट चालल्याचे लक्षण समजावे. शेवटी गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, आणि फटी बुजवणारा सीलर घालून नलिका बंद करतात.

भुलीबाबत खरे सांगणे बरे. खालच्या दाढेला, त्यातही ती ठणकत असताना, भूल बसवणे सर्वांत अवघड असते. सुजलेल्या मज्जेतील चेतातंतू इतके उत्तेजित असतात की एरवी पुरणारी मात्रा त्यांना पुरत नाही. ओठ बधिर झाला म्हणजे दाढही बधिर झालीच, असे होत नाही. अशा वेळी दाताच्या मुळाशी, हिरडी आणि दात यांमधील फटीत, किंवा अगदी शेवटी थेट मज्जेत भूल देतात. मज्जेत देतात तेव्हा क्षणभर तीव्र कळ येते आणि लगेच सारे शांत होते. हे आधी माहीत असलेले चांगले. आणि काहीही जाणवले तर सहन करत बसू नका, लगेच सांगा.

गवाक्ष

मौक्तिक, मनापासून आभार. भुलीचे इंजेक्शन घेतल्यावर माझे हृदय जोरात धडधडू लागले होते आणि हात थरथरत होते. मला औषधाची अ‍ॅलर्जी आहे असे समजून मी पुढची बैठक बराच काळ टाळली. इतरांनाही असे होते का?

मौक्तिक

होते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाबरोबर बहुधा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले असते, जेणेकरून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भूल जास्त वेळ टिकते. त्याचा थोडा अंश रक्तात गेला की धडधड आणि थरथर जाणवते व काही मिनिटांत ओसरते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे ही मात्र अ‍ॅलर्जीची लक्षणे आहेत. हृदयविकार असेल किंवा पूर्वी असे काही झाले असेल, तर इंजेक्शनआधीच सांगावे.

वातकुक्कुट

माझे मत वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. ज्या दातातील नस काढून टाकली तो दात निर्जीव झाला. निर्जीव वस्तू शरीरात ठेवून तिच्यात जंतू साचू द्यायचे, आणि त्यासाठी एवढा खटाटोप करायचा, यापेक्षा दात काढून टाकणे सरळ नाही का? रूट कॅनॉल केलेल्या दातांमुळे सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत विकार होतात, असेही वाचनात आले आहे.

पडताळा

वातकुक्कुट, तुम्ही वाचलेल्या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने १९१० साली मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील जंतुदोष हे अनेक आजारांचे मूळ असल्याचे सांगितले. पुढे १९२०च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून तेच सिद्ध झाल्याचा दावा केला. परिणामी असंख्य माणसांचे वाचवता येण्याजोगे दात काढले गेले. पण दात काढूनही त्यांचे आजार बरे होत नव्हते, आणि नंतर काटेकोर नियंत्रण ठेवून केलेल्या प्रयोगांत प्राइस यांचे निष्कर्ष टिकले नाहीत. रूट कॅनॉलमुळे कर्करोग होतो, याला आधार नाही.

सडलेली मज्जा तशीच ठेवणे घातक आहे, याबाबत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. ती काढून आतली जागा स्वच्छ करून बंद करणे, हेच तर रूट कॅनॉल आहे.

सुरंगी

नंतरच्या दिवसांविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

बाहेर पडताना खालचा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटी बधिर असते. दोन ते चार तास ते तसेच राहते. त्या वेळात काही चावून खाऊ नये, कारण गाल किंवा ओठ दाताखाली येऊन फाटला तरी समजत नाही. गरम पदार्थाने पोळल्याचेही कळत नाही. भूल उतरू लागली की आधी ओठाला मुंग्या येतात आणि मग दाढेच्या जागी एक जडपणा जाणवू लागतो. तो ठणका नसतो. दाढ इतर दातांहून किंचित उंच झाली आहे आणि वरची दाढ तिच्यावर सर्वांआधी टेकते आहे, असे सारखे वाटते. जीभ पुन्हा पुन्हा तात्पुरत्या सिमेंटकडे जाते. ते खरखरीत लागते आणि त्याचा लवंगेसारखा वास काही वेळ तोंडात राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तोंड नेहमीएवढे उघडता येईना. इंजेक्शन ज्या स्नायूजवळून जाते तो आखडतो, असे नंतर समजले. बाहेरून कोमट शेक दिला आणि दिवसातून अनेकदा हळूहळू तोंड उघडण्या-मिटण्याचा व्यायाम केला. काही दिवसांत ते सुटले. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या केल्या. दात घासणे थांबवू नये, त्या दाढेवरूनही मऊ ब्रश फिरवावा. पहिले दोन दिवस त्या बाजूने चावणे जमले नाही, त्यानंतर ती जाणीव विरत गेली.

शतपावली

सुरंगीताई, असेच क्रमवार वर्णन हवे होते. पण नस काढली, म्हणजे दुखल्याची जाणीव करून देणारे तंतूच काढले, तर मग दाढेवर दाब दिल्यावर दुखते कोणाला?

मौक्तिक

दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक थर असतो, जो दाताला झेलून धरतो आणि दाबाची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवतो. रूट कॅनॉलमध्ये आपण मुळाच्या आतील मज्जा काढतो. बाहेरील हा थर जिवंतच राहतो आणि जिवंतच राहिला पाहिजे. जंतुदोष मुळाच्या टोकापर्यंत गेलेला असेल तर हा थर आधीपासूनच सुजलेला असतो. त्यातच फाइल्स आणि द्रावणे टोकाशी काम करून आलेली असतात. त्यामुळे मुका मार लागल्याप्रमाणे ती जागा काही दिवस हुळहुळी राहते. दात उंच झाल्याचा भास होतो तोही या सुजेमुळेच, मात्र कधीकधी सिमेंट खरोखरच उंच राहिलेले असते. दोन-तीन दिवसांनंतरही केवळ दात टेकल्यावर दुखत असेल तर परत जाऊन ते घासून घ्यावे. बऱ्याच जणांना तेवढ्यानेच उतार पडतो.

बहुतेकांना सर्वाधिक त्रास पहिल्या २४ ते ४८ तासांत होतो आणि आठवडाभरात तो जवळजवळ नाहीसा होतो. चावताना किंचित वेगळेपणा याहून थोडा अधिक काळ राहू शकतो. महत्त्वाची गोष्ट अशी की दुखणे दिवसागणिक कमी होत गेले पाहिजे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्यास एकेकट्या औषधापेक्षा चांगला आराम मिळतो. पण पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, काही प्रकारचा दमा किंवा गरोदरपण असल्यास आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉलही ठरवून दिलेल्या मात्रेपलीकडे जाऊ देऊ नये.

थोड्या रुग्णांना कमी होत आलेले दुखणे अचानक उसळते आणि गाल सुजतो. तेव्हा ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता दंतवैद्यांना कळवावे. आणि सूज जिभेखाली किंवा मानेकडे उतरू लागली, गिळणे वा श्वास घेणे अवघड झाले, डोळा मिटण्याइतकी सूज चढली किंवा थंडी वाजून ताप आला, तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा तास-दोन तासांनाही किंमत असते.

किनारा

माझ्या आईच्या दाढेला असह्य ठणका असूनही तिला अँटिबायोटिक दिले नाही, केवळ वेदनाशामक दिले. आम्हा सर्वांना तो निष्काळजीपणा वाटला. माझ्या मते जंतुदोष आहे म्हटल्यावर ते द्यायलाच हवे होते.

पडताळा

किनारा, तुमची अस्वस्थता समजण्यासारखी आहे, पण त्या दंतवैद्यांनी योग्य तेच केले. सुजलेल्या मज्जेचा ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही. आणि मज्जा मृत झाल्यावर तिथला रक्तपुरवठाच संपतो, त्यामुळे औषध आतपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, प्रकृती एरवी चांगली असलेल्या प्रौढांना, दाताचा उपचार तातडीने उपलब्ध असताना, अशा दुखण्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये असे म्हटले आहे. ताप येणे किंवा सूज पसरणे अशी लक्षणे असतील तर गोष्ट वेगळी.

किनारा

पटले. आईला पहिल्या बैठकीत मज्जा काढल्यानंतर त्याच रात्री झोप लागली होती, हे आता आठवले.

गवाक्ष

एका बैठकीत संपवावे की दोन-तीन बैठकांत, यावर दोन दंतवैद्यांनी मला दोन वेगळी मते दिली. एकाने नलिकेत औषध भरून आठवडाभराने बोलावले. दुसरे म्हणाले, आज वेळ असेल तर आजच पूर्ण करू. यातले बरोबर कोण?

मौक्तिक

दोघेही बरोबर असू शकतात. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर दात बरा होण्याच्या प्रमाणात फारसा फरक आढळत नाही. नलिका कोरडी होत नसेल, पू येत असेल, सूज असेल किंवा वेळ अपुरा पडला, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध भरून थांबणे शहाणपणाचे ठरते. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळे असूनही बहुधा चार नलिका असतात आणि ती चौथी सापडायला वेळ लागतो. ती शोधण्यासाठी कोणी अधिक वेळ मागितला तर तो आनंदाने द्यावा.

उंबरठा

कॅपच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या दाढेचे रूट कॅनॉल उत्तम झाले होते. दुखणे पूर्ण थांबले, म्हणून त्यांनी कॅप पुढे ढकलली. कित्येक महिने काहीच झाले नाही. मग एका जेवणात कडकन आवाज आला आणि दाढ माथ्यापासून मुळापर्यंत उभी चिरली. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी सारे ठीक दिसत होते, म्हणजे उपचार यशस्वी झाला होता. पण दाढ काढावी लागली.

कीड आणि छिद्र यांमुळे आतला भाग पोखरला गेलेला असतो आणि उरलेल्या भिंती चावण्याच्या दाबाने फाकतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनॉलनंतर कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप बसवलेल्या दातांच्या सुमारे सहा पट आढळले होते. दुखणे थांबले म्हणून उपचार संपला असे मानू नये, हे मी भेटेल त्याला सांगत असतो.

ओंजळ

उंबरठा, पुढच्या दाताबद्दल थोडी भर घालते. माझ्या पुढच्या दाताला कॅप घातलेली नाही, केवळ छिद्र भरून घेतले आहे आणि दात व्यवस्थित आहे. पुढच्या दातांवर चावण्याचा दाब वेगळा पडतो आणि दात फारसा पोखरलेला नसेल तर तेवढे पुरते, असे मला सांगितले होते. दाताचा रंग मात्र कालांतराने किंचित काळवंडला. तो आतून उजळता येतो असे म्हणतात.

वातकुक्कुट

पडताळा आणि मौक्तिक यांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. शरीरभर विकार पसरण्याचा मुद्दा मी मागे घेतो. तरीही प्रत्येक दात वाचवायलाच हवा का, हा प्रश्न उरतो.

मौक्तिक

नाही, आणि हा प्रश्न तुम्ही लावून धरलात हे बरे झाले. मूळ उभे चिरले असेल, हाडाचा आधार फार झिजला असेल, किंवा कॅपला पकड मिळण्यासाठी हिरडीच्या वर सुमारे दोन मिलिमीटर निरोगी दात भोवताली उरत नसेल, तर रूट कॅनॉल करून पुढे निराशाच पदरी पडते. अशा वेळी दात काढण्याचा सल्ला मी स्वतः देतो. उलट हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांना दात काढणे अधिक धोक्याचे असते, कारण जबड्याचे हाड भरून येत नाही. तिथे रूट कॅनॉलच श्रेयस्कर ठरते. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. मधुमेह असेल किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल तर तेही पहिल्या भेटीतच सांगावे.

शतपावली

काल पहिली बैठक झाली. ओठ बधिर होऊनही दाढेला हात लावताच कळ आली. मौक्तिक यांनी लिहिले होते म्हणून मी न घाबरता हात वर केला. दंतवैद्यांनी दाताच्या फटीत आणखी भूल दिली आणि त्यानंतर केवळ कंप आणि पाण्याचा दाब जाणवत राहिला. रात्री ठणका नव्हता. आज सकाळी दाढ उंच वाटते आहे आणि बोटाने दाबल्यावर हुळहुळते, सुरंगीताईंनी लिहिले तसेच. तात्पुरत्या सिमेंटचा एक लहानसा कण मात्र जिभेवर आला. ते पुन्हा भरून घ्यावे लागेल का?

मौक्तिक

वरचा पातळ थर थोडा झिजला तर काळजी नाही. पण आतला कापसाचा बोळा दिसू लागला किंवा सिमेंट पूर्ण निघाले, तर त्याच दिवशी जावे, नाहीतर लाळ आत झिरपून धुतलेल्या नलिका पुन्हा दूषित होतात. हे सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते, त्यामुळे पुढची तारीख लांबवू नका. तोवर त्या बाजूने चावू नका.

सुरंगी

सर्व पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासून घ्यायचे असते का? मला तसे कोणी सांगितले नाही.

मौक्तिक

घ्यावे, आणि कोणी सांगितले नसेल तर आपण होऊन विचारावे. मुळाच्या टोकाशी हाड विरघळलेले असेल तर ते हळूहळू भरते. सहा महिने ते वर्षभरात एक्स-रेमध्ये सुधारणा दिसू लागते, काहींना याहून अधिक काळ लागतो. दुखत नाही म्हणजे भरून आलेच असे नसते, म्हणून आधीचा एक्स-रे जपून ठेवावा आणि वर्षाने काढलेल्या एक्स-रेशी तो ताडून पाहावा. दरम्यान हिरडीवर बारीक पुळी येऊन तिच्यातून पू येणे, चावताना नव्याने दुखू लागणे किंवा सूज, यांतले काही आढळले तर लगेच दाखवावे. त्याच दाताला थंड लागून कळ आली तर एकतर शेजारचा दात दुखत असतो किंवा एखादी नलिका राहून गेलेली असते. राहिलेली नलिका शोधून रूट कॅनॉल पुन्हा करता येते, आणि तेही शक्य नसेल तर छोट्या शस्त्रक्रियेने मुळाचे टोक कापून तिथून बंद करता येते.